टीजीएफ-बीटा-१ दर महिन्याला ‘मंदावतं’ तेव्हा: लॉटला दोष देण्याआधी काय तपासायचं

टीजीएफ-बीटा-१ हे पेशींना वागणं बदलायचा निरोप देणारं प्रोटीन. ते लॅबमध्ये वापरणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. नवी व्हायल (छोटी कुपी) उघडली की पहिला प्रयोग झकास जातो. ए५४९ पेशी (मानवी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या) तीन दिवसांत लांबट होतात, एकमेकींपासून सुटतात, ब्लॉटवर (प्रोटीन पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या ई-कॅडहेरिनचा बँड फिका पडतो. पुढच्या खेपेला परिणाम जरा कमी. महिनाभराने तीच मात्रा, त्याच पेशी, आणि कंट्रोल व ट्रीटमेंटचे फोटो शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते सांगता येत नाही. मग ‘लॉट (कंपनीने एका वेळी बनवलेला माल) खराब आलाय’ असं ठरतं, नवी ऑर्डर जाते, पार्सल येतं, पहिला प्रयोग पुन्हा झकास जातो आणि चक्र परत सुरू होतं. रिकॉम्बिनंट (जनुक घालून दुसऱ्या पेशींकडून बनवून घेतलेलं) मानवी टीजीएफ-बीटा-१ वापरणाऱ्या बहुतेक लॅबमध्ये हे कधी ना कधी घडतं. एका व्हायलीमागे ग्रँटमधली चांगली रक्कम जाते आणि विद्यार्थ्यांचे महिने जातात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे तक्रारीचा आकार नीट बघा. लॉट खराब असता तर पहिल्या दिवसापासून खराब असता. पहिल्या दिवशी चाललं आणि नंतर हळूहळू उतरत गेलं, याचा अर्थ प्रोटीन चांगलं आलं होतं आणि तुमच्या हातात आल्यानंतर कुठेतरी कमी होत गेलं. माझं ठाम मत असं आहे की अशा दहातल्या बऱ्याच प्रकरणांत प्रोटीन ‘खराब’ होतच नाही. ते पेशींपर्यंत पोचत नाही. व्हायलीची काच, नळीचं प्लास्टिक, पिपेटचं टिप, फिल्टरचा पडदा, वाटेत जे जे लागतं त्याला ते चिकटून बसतं.

हे प्रोटीनच तसं आहे. पक्व रूपात ११२ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या, एका डायसल्फाइड बंधाने जोडलेल्या, मिळून साधारण २५ किलोडाल्टन. प्रत्येक साखळीत नऊ सिस्टीन. त्यातले आठ आतल्या आत गाठी मारतात आणि नववा दुसऱ्या साखळीला धरतो. या घट्ट गाठीमुळे ते आम्लात टिकतं, उष्णताही बऱ्यापैकी सोसतं. पण त्याच्या पृष्ठभागाचा मोठा भाग पाण्यापासून दूर पळणारा आहे. शरीरात त्याच्यावर स्वतःच्याच पूर्वरूपातून आलेलं आवरण असतं, ते झाकलेलं राहतं. आपण विकत घेतो ते आवरण काढलेलं, उघडं रूप. पीएच सातच्या आसपास, मीठ असलेल्या पाण्यात, सोबत दुसरं प्रोटीन नसेल तर ते एकमेकांना चिकटतं, नाहीतर भिंतीला.

आता एक हिशेब करून पाहा, कारण हा हिशेब एकदा कागदावर मांडला की पुढचं सगळं आपोआप पटतं. समजा तुम्ही १५ मिलिलिटरच्या नळीत १० मिलिलिटर सीरमविरहित मीडियम (रक्तातला प्रोटीनयुक्त द्रव न घातलेलं, पेशींचं पोषक द्रावण) घेतलं आणि त्यात मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम या मात्रेत टीजीएफ-बीटा-१ घातलं. नळीत एकूण प्रोटीन झालं ५० नॅनोग्रॅम. नळीचा आतला व्यास दीड सेंटिमीटर आणि पाण्याची उंची सहा सेंटिमीटरच्या आसपास धरली तर ओली भिंत भरते २८ चौरस सेंटिमीटर. प्लास्टिकवर प्रोटीनचा एक पातळ थर बसतो तेव्हा एका चौरस सेंटिमीटरला १०० नॅनोग्रॅम सहज मावतं. म्हणजे भिंतीची भूक २,८०० नॅनोग्रॅमची, आणि तुम्ही वाढलंय ५०. सगळंच्या सगळं लगेच चिकटत नाही, हे खरं. तापमान, वेळ आणि प्लास्टिकचा प्रकार यावर ते अवलंबून आहे. पण हे मीडियम तुम्ही चार अंशांवर आठवडाभर ठेवून ‘रोज थोडं थोडं’ वापरणार असाल, तर शुक्रवारी पेशींवर काय पडलं याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घालायचं ते यासाठी. नवा माठ आधी स्वतः पाणी पितो, तसं नळीला आधी स्वस्तातलं प्रोटीन पाजायचं, म्हणजे महागाचं पाण्यातच राहतं. मिलिलिटरला एक मिलिग्रॅम बीएसए असेल तर भिंतीवरची जागा त्यानेच भरून जाते.

आता व्हायल विरघळवण्याकडे येऊ, कारण अर्धं नुकसान इथेच होतं.

बहुतेक कंपन्यांच्या पत्रकात ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवा असं लिहिलेलं असतं, सोबत मिलिलिटरला एक मिलिग्रॅम बीएसए. नवे विद्यार्थी इथे बिचकतात. पेशींवर घालायच्या गोष्टीत ॲसिड कशाला, म्हणून परस्पर पीबीएस (पीएच सातच्या आसपासचं खारट बफर) घेतात. कृपया असं करू नका. हे प्रोटीन पहिल्यांदा हाती लागलं तेच आम्लातून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेथेस्डाच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये अनिता रॉबर्ट्स आणि मायकेल स्पॉर्न यांच्या गटाने ऊतींमधून ते आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात काढलं. १९८३ मध्ये मानवी प्लेटलेट्समधून शुद्ध केलं तेव्हाही वाट तीच होती. आम्लात ते सुटं राहतं आणि सक्रियही राहतं. पीबीएसमध्ये घातलेली पूड डोळ्यांना विरघळल्यासारखी दिसते, पण इतक्या कमी प्रोटीनचे गोळे डोळ्यांना दिसतच नाहीत. आणि मीडियममध्ये जाणाऱ्या ॲसिडची काळजी नको: हजारो पट पातळ झाल्यावर मीडियमच्या बफरला त्याचा पत्ताही लागत नाही.

४ मिलिमोलर ॲसिड बनवायला सोपं: एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडचे ४० मायक्रोलिटर, ९.९६ मिलिलिटर शुद्ध पाण्यात. त्यात बीएसए विरघळवा आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. गाळायचं ते आत्ताच, प्रोटीन घालण्याआधी. प्रोटीन घातल्यावर ‘निर्जंतुक करू या’ म्हणून गाळणारे भेटतात, आणि त्या पांढऱ्या पडद्यावर किती मागे राहिलं याचा हिशेब मग लागत नाही. बीएसए सेल कल्चरच्या दर्जाचं, प्रोटीएज नसलेलं घ्या. ब्लॉटसाठी आणलेल्या मोठ्या डब्यातलं नको.

व्हायल फ्रीजरमधून काढली की लगेच उघडू नका. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात थंड व्हायलीवर दोन मिनिटांत पाणी जमतं. ती बंद असतानाच बेंचवर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग न चुकता थोडा वेळ सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. दहा मायक्रोग्रॅमची कॅरियर-विरहित (सोबत दुसरं प्रोटीन न घातलेली) व्हायल हातात धरली तर तळ रिकामा वाटतो. पूड असते ती एखाद्या धुरकट पापुद्र्यासारखी, आणि प्रवासात ती बऱ्याचदा झाकणाच्या रबराला जाऊन बसलेली असते. न फिरवता झाकण उचललं तर ती झाकणाबरोबर जाते. रिकामी व्हायल दिली म्हणून विक्रेत्याशी भांडण होतं ते बहुतेकदा यावरूनच. ज्या व्हायलीत कॅरियर म्हणून आधीच बीएसए घातलेलं असतं तिच्यात पूड ठळक दिसते, कारण टीजीएफपेक्षा कितीतरी पट जास्त बीएसए तिथे असतं. लेबलावरचे दहा मायक्रोग्रॅम फक्त टीजीएफचे, पुडीचं सगळं वजन नव्हे.

दहा मायक्रोग्रॅमला ५०० मायक्रोलिटर द्रावण घातलं की मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमचा स्टॉक होतो. थेंब भिंतीवरून सोडा, झाकण लावून व्हायल हलक्या हाताने कलती करा, झाकणाची आतली बाजू ओली होऊ द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा. व्हॉर्टेक्स नको, फेस म्हणजे प्रोटीनला मिळालेला आणखी एक पृष्ठभाग. मग कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रोपिलीनच्या नळ्यांत २० ते २५ मायक्रोलिटरचे भाग करा. पाच-पाच मायक्रोलिटरचे चिमुकले भाग करण्याचा मोह आवरा, कारण द्रव जितका कमी तितकी त्याच्या वाट्याला येणारी भिंत जास्त, आणि उघडझाकीत सुकण्याची भीती वेगळीच. काही प्रयोगांत, उदाहरणार्थ मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी, बीएसए चालत नाही. तिथे स्टॉक शक्य तितका घट्ट ठेवा, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम किंवा जास्त, आणि पातळ करणं अगदी वापरण्याच्या क्षणापर्यंत पुढे ढकला.

यानंतरची गळती पिपेटवर होते आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. वर केलेल्या स्टॉकमधून दोन मिलिलिटरच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम हवं असेल तर घालावं लागतं फक्त अर्धा मायक्रोलिटर. टिपच्या टोकाशी तो थेंब नीट बघा: तो वेलमध्ये गेला की टिपच्या बाहेरच्या बाजूला चढला हे सांगता येत नाही. दोन मायक्रोलिटरच्या पिपेटलाही एवढ्या तळाशी भरवसा नसतो. एकाच प्लेटच्या सहा वेलमध्ये परिणाम वेगवेगळा दिसतो, किंवा एका मुलीच्या हाताने चालतं आणि दुसऱ्याच्या हाताने नाही, तेव्हा मी सगळ्यात आधी ही पायरी विचारते. उपाय म्हणजे मधली एक पातळी. ०.१ टक्का बीएसए असलेल्या मीडियममध्ये स्टॉक वीस पट पातळ करा, म्हणजे मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम झालं. त्यातले दहा मायक्रोलिटर दोन मिलिलिटरमध्ये घातले की बरोबर ५ नॅनोग्रॅम. ही मधली पातळी त्या दिवशीच वापरा आणि उरलेली टाकून द्या. टाकताना जीव तुटतो हे मला कळतं, पण आठवडाभर साठवलेली मधली पातळी हेच ‘महिन्याभरात मंदावतं’ या तक्रारीचं सर्वांत नेहमीचं मूळ आहे.

साठवणीबद्दल थोडक्यात. दीर्घ मुदतीला उणे ऐंशी. घरच्यासारखा, बर्फ न जमणारा फ्रीज वापरू नका. बर्फ वितळवण्यासाठी तो आतून अधूनमधून गरम होतो आणि दारातल्या नळ्या प्रत्येक वेळी अर्धवट वितळतात. जिथे वीज वारंवार जाते तिथे हे भाग फ्रीजरच्या तळाशी, जाड थर्माकोल रॅकमध्ये ठेवावेत. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नये. ती चार अंशांवर ठेवून पत्रकातल्या मुदतीत संपवावी. आणि नळीवर फक्त ‘टीजीएफ’ लिहून थांबू नका. लॉट क्रमांक, तीव्रता, विरघळवल्याची तारीख आणि कशात विरघळवलं हे चारही हवं. विमानतळावर कस्टम्समध्ये पार्सल अडकलं म्हणून मात्र घाबरू नका. सुकवलेली पूड बहुधा काही दिवसांचा खोलीच्या तापमानाचा प्रवास सोसते, म्हणून अनेक कंपन्या ती बर्फाशिवायच पाठवतात.

हे सगळं पाळूनही शंका उरली, तर तीन दिवसांच्या प्रयोगाने प्रोटीन तपासू नका. पेशींचा आकार बदलण्याआधी मध्ये डझनभर गोष्टी घडतात, आणि त्यातली कुठलीही बिघडू शकते. प्रोटीनला थेट विचारायचा प्रश्न एका तासाचा आहे: रिसेप्टर (पेशीवरचा, टीजीएफ-बीटा पकडणारा रेणू) जागा होऊन स्मॅड-२ वर (निरोप पेशीच्या आत नेणाऱ्या प्रोटीनवर) फॉस्फेट बसला का?

बारा वेलची एक प्लेट घ्या. ए५४९ किंवा हाकाट (मानवी त्वचेच्या), ज्या पेशी हाताशी असतील त्या, सगळ्या वेलमध्ये सारख्या. रात्रभर सीरमशिवाय ठेवा. तीन प्रकारचं प्रोटीन: रोज वापरात असलेली जुनी नळी, उणे ऐंशीतला न उघडलेला भाग, आणि शक्य असेल तर आज विरघळवलेली नवी व्हायल. प्रत्येकाच्या तीन मात्रा: मिलिलिटरला ०.१, ०.५ आणि ५ नॅनोग्रॅम. नऊ वेल झाल्या. दहावीत काही नाही, अकरावीत फक्त ॲसिड आणि बीएसएचं द्रावण, बारावीत नव्या व्हायलीची ५ नॅनोग्रॅमची मात्रा, पण त्याआधी अर्धा तास एसबी-४३१५४२ हा रिसेप्टर-अडथळा १० मायक्रोमोलर. पाऊण ते एक तासाने पेशी बर्फावर घेऊन लायसेट करा, म्हणजे फोडून त्यांचा अर्क काढा. लायसिस बफरमध्ये सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट (फॉस्फेट तुटू न देणारी रसायनं) विसरू नका. इथला फॉस्फेट सेरीनवर आहे, नुसत्या ऑर्थोव्हॅनाडेटने तो वाचत नाही. ब्लॉट फॉस्फो-स्मॅड-२ चा, सोबत एकूण स्मॅड-२ चा, साठ किलोडाल्टनच्या आसपास.

कमी मात्रा मुद्दाम ठेवल्या आहेत. ५ नॅनोग्रॅम म्हणजे २०० पिकोमोलर, आणि रिसेप्टर त्याच्या बरंच आधी भरून जातात. म्हणून जुन्या नळीतलं अर्धं प्रोटीन गायब झालेलं असलं तरी ५ च्या वेलमध्ये बँड तितकाच काळाभोर दिसतो आणि लोक म्हणतात, ‘प्रोटीन ठीक आहे, पेशींचाच काहीतरी घोळ.’ गळती दिसते ती ०.१ आणि ०.५ च्या वेलमध्ये.

उत्तर वाचायचं असं. न उघडलेला भाग नव्या व्हायलीइतकाच जोरात आणि जुनी नळी फिकी, तर दोष रोजच्या हाताळणीत. न उघडलेला भागही फिका, तर विरघळवण्यात किंवा साठवणीत. तिन्ही जोरात असतील तर प्रोटीनला सोडा आणि पेशींकडे वळा. नवी व्हायलही फिकी असेल तरच लॉटचा विचार सुरू करा, तोही पेशी बदलून एकदा पाहिल्यावर. आणि प्रोटीन न घातलेल्या वेलमध्येच बँड गडद असेल तर उपाशी ठेवणं पुरेसं झालेलं नाही. सीरममध्ये स्वतःचं टीजीएफ-बीटा असतं, बहुतांशी सुप्त, पण पेशी त्यातलं काही जागं करतात. सीरमच्या बाबतीत उलटही घडतं: त्यातलं अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन तुम्ही घातलेलं सक्रिय प्रोटीन पकडून ठेवतं. एफबीएसचा (गाईच्या गर्भाच्या रक्तातून काढलेल्या सीरमचा) लॉट बदलल्यावर टीजीएफचा परिणाम बदलला, ही तक्रार कल्पनेतली नाही.

एलायझानेही (अँटिबॉडी वापरून प्रोटीन मोजणाऱ्या चाचणीने) मोजता येतं, पण एलायझा प्रोटीन किती आहे एवढंच सांगते, ते काम करतं का हे नाही. भिंतीला किती चिकटलं हे बघायला ती उत्तम: नळीवर लिहिलेल्या आकड्याशी मोजलेला आकडा ताडून पाहा.

पेशींकडे वळल्यावर सगळ्यात जास्त फसवते ती गर्दी. पेशी टीजीएफ-बीटा गिळतात आणि मीडियममधून ते संपतं. म्हणून मिलिलिटरला किती नॅनोग्रॅम यापेक्षा एका पेशीच्या वाट्याला किती, हा प्रश्न खरा. ४० टक्के भरलेल्या वेलमध्ये जी मात्रा तीन दिवस पुरते ती ९० टक्के भरलेल्या वेलमध्ये दुसऱ्याच दिवशी संपलेली असू शकते. पेशी मोजून टाका, ‘अंदाजे एका फ्लास्कमधून सहा वेल’ नको. दीर्घ प्रयोगात ४८ तासांनी मीडियम बदलून नवी मात्रा द्या. पॅसेजही, म्हणजे पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तेही, लिहून ठेवा. पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) पेशी-भांडारातून आणलेल्या ए५४९ पहिल्या काही पॅसेजमध्ये एक वागतात आणि वर्षभर फिरवल्यावर दुसरंच वागतात. सुरुवातीलाच पुरेसे क्रायोव्हायल गोठवून ठेवले तर मागे जाता येतं. मायकोप्लाझ्माची (पेशींच्या कल्चरमध्ये नकळत शिरणाऱ्या जंतूंची) तपासणी आधी करायची, शेवटचा उपाय म्हणून नाही.

उरली ती वेगळी तक्रार: पहिल्या दिवसापासून कधीच चाललं नाही. यात कॅटलॉग क्रमांक पुन्हा वाचा. ‘लेटंट’ टीजीएफ-बीटा-१ हे आवरणासकटचं रूप वेगळं विकलं जातं आणि ते जागं केल्याशिवाय काम करत नाही. आणि नुसतं आवरण, म्हणजे एलएपी, हे तिसरंच उत्पादन. मग पेशी बघा. एचसीटी११६ (मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या) पेशींमध्ये टीजीएफ-बीटाचा दुसरा रिसेप्टर उत्परिवर्तनाने निकामी आहे. कितीही ओता, त्या ऐकत नाहीत. एमडीए-एमबी-४६८ (स्तनाच्या कॅन्सरच्या) पेशींमध्ये स्मॅड-२ चा साथीदार स्मॅड-४ नाही, त्यामुळे स्मॅड-२ वर फॉस्फेट बसलेला दिसेल पण पुढचे जनुक हलणार नाहीत. उंदराच्या पेशींवर मानवी प्रोटीन घातलं म्हणून मात्र काळजी नको: पक्व रूपात दोघांमध्ये एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे. शंका असेल तर जेलवर चालवून पाहा. डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) न घालता २५ किलोडाल्टनच्या जवळ एक बँड, डीटीटी घातल्यावर साडेबाराच्या जवळ. डीटीटी न घालताही सगळं साडेबाराला उतरलं तर जोडी तुटलेली आहे, आणि सुट्या साखळीकडून पुरेशा सक्रियतेची अपेक्षा करता येत नाही. जेलवर दिसेल इतकं प्रोटीन खर्च होतं, म्हणून ही तपासणी कॅरियर-विरहित व्हायलीवर आणि अगदी गरज पडली तरच.

या सगळ्यातून गाळून लॉटच उरला, तर कंपनीला नुसतं ‘चालत नाही’ असं कळवू नका. लॉट क्रमांक, विरघळवल्याची तारीख आणि द्रावण, पातळ करण्याच्या सगळ्या पायऱ्या, पेशींचं नाव आणि पॅसेज, बारा वेलचा न कापलेला ब्लॉट, आणि सोबत जुन्या चांगल्या लॉटची शेजारी चालवलेली तुलना पाठवा. प्रमाणपत्रावर अर्ध्या परिणामाची मात्रा दिलेली असते, पण ती कंपनीच्या चाचणीतली, बहुधा वेगळ्याच पेशींवरची. तिची तुलना तुमच्या ए५४९ च्या आकड्याशी लावू नका. त्याच चाचणीत त्या लॉटचा आकडा आधीच्या लॉटच्या तुलनेत किती सरकला, हे विचारा. खालच्या मात्रांचा फरक ब्लॉटवर स्पष्ट असेल तर तांत्रिक विभाग सहसा व्हायल बदलून देतो. नवी आली की त्याच दिवशी तिच्यावर तीच एक तासाची प्लेट लावा, आणि तो ब्लॉट वहीत त्या लॉटच्या नावाने चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तोच लागेल.